निकेल-हायड्रोजन भट्टी: अणुक्रिया झाली, तर किरणोत्सार गेला कुठे?

अभिजित_पु (धागाकर्ता)

१४ जानेवारी २०११ ला इटलीत बोलोन्याला आंद्रेआ रॉस्सी आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक सर्जिओ फोकार्दी यांनी 'ई-कॅट' चालवून दाखवलं. निकेलची भुकटी, दाबाखाली हायड्रोजन आणि बाहेरून थोडी वीज. दावा असा की प्रोटॉन निकेलच्या केंद्रकात शिरतो, निकेलचं तांबं होतं आणि घातलेल्या विजेच्या कितीतरी पट उष्णता मिळते. कमी ऊर्जेच्या अणुक्रियांचा विषय निघाला की आजही हे नाव येतंच, आणि वाद उष्णतेवर अडकतो. वाफ कोरडी होती की ओली, तापमापक कुठे लावला होता. त्याला अंत नाही. मला फक्त किरणोत्साराबद्दल बोलायचंय, कारण तिथे अंदाजपंचे काही चालत नाही.

निकेलचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात, त्यांना समस्थानिक म्हणतात. नैसर्गिक निकेलमध्ये ६८ टक्के निकेल-५८ आणि २६ टक्के निकेल-६० असतं. पहिल्यात प्रोटॉन गेला की तांबे-५९ होतं, अर्धायुष्य दीड मिनिटाच्या आत. दुसऱ्याचं तांबे-६१, अर्धायुष्य साधारण ३.३ तास. दोन्ही पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचे इलेक्ट्रॉन, सोडतात. पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. अशा क्रियांतून एक किलोवॉट उष्णता हवी असेल तर सेकंदाला एकावर पंधरा शून्यं, एवढ्या श्रेणीत क्रिया व्हाव्या लागतात. भोवती ५ सेंटिमीटर शिसं ठेवा. दहा हजारांतला एखादा किरण तरी पार होतोच, म्हणजे सेकंदाला शंभर अब्जांच्या घरात.

हे पकडायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. यंत्राच्या दोन बाजूंना समोरासमोर सोडियम आयोडाइडचे स्फटिक, म्हणजे गॅमा टिपणारे मापक, ठेवायचे आणि दोन्हीकडे एकाच क्षणी पडलेले ठोके तेवढे मोजायचे. इस्पितळातला पेट स्कॅन याच तत्त्वावर चालतो. यंत्र बंद करून भुकटी बाहेर काढली तरी तांबे-६१ मुळे ठोके कित्येक तास चालू राहायला हवेत.

बोलोन्याच्या त्या प्रयोगात गॅमा मापक लावले होते. एरवी खोलीत असतो त्यापेक्षा जास्त किरणोत्सार दिसला नाही. माझ्या लेखी विषय इथेच संपतो. कुणाला वेगळं वाटत असेल तर कारणासकट लिहा.

दीक्षितकाका

अभिजित, हिशोब बरोबर आहे, पण गृहीतक तपासा. तुम्ही दोन मोकळे कण एकमेकांवर आपटल्यावर काय होतं ते धरून चालला आहात. धातूच्या जाळीत अडकलेल्या हायड्रोजनभोवती अब्जावधी इलेक्ट्रॉन आहेत, शेजारचे अणू आहेत. ऊर्जा एकाच गॅमा किरणातून बाहेर पडण्याऐवजी जाळीत वाटली जात असेल, तर मापकाला काय दिसणार?

आणि रॉस्सी म्हणजे हा सगळा विषय नव्हे. २३ मार्च १९८९ ला फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी युटा विद्यापीठात जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) आणि पॅलेडियम धातू वापरून शीत संमीलन, म्हणजे साध्या तापमानाला केंद्रकं एकत्र येणं, झाल्याचा दावा जाहीर केला. त्याच वर्षी आपल्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, डॉ. पी. के. अय्यंगार संचालक असताना अनेक गटांनी हे प्रयोग केले. अय्यंगार आणि डॉ. एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला 'बीएआरसी-१५००' अहवाल आजही वाचायला मिळतो. त्यांना ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप, मिळालं, न्यूट्रॉनही मिळाले. ट्रिटियम रासायनिक क्रियेतून तयार होत नाही. ज्यांचा हयातभराचा व्यवसाय न्यूट्रॉन मोजण्याचा, त्यांना मोजता आलं नाही म्हणायचं का?

मेघना_आर

काका, ट्रॉम्बेच्या प्रयोगांवर नंतर येऊ. आधी रॉस्सींचा दावा त्यांच्याच राखेवर, म्हणजे यंत्रात वापरून उरलेल्या भुकटीवर, तपासून पाहू.

किरणोत्सार का नाही, यावर त्यांचं उत्तर असं होतं की फक्त निकेल-६२ आणि निकेल-६४ भाग घेतात. त्यांच्यापासून तांबे-६३ आणि तांबे-६५ होतं, दोन्ही स्थिर. ऐकायला छान आहे. पण नैसर्गिक निकेलमध्ये हे दोन मिळून साडेचार टक्के भरतात. २०११ मध्ये वापरलेल्या भुकटीचा नमुना स्वीडनमध्ये तपासला, त्यात सुमारे १० टक्के तांबं निघालं. साडेचारातून दहा कसे? आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? शिवाय त्या तांब्यातल्या समस्थानिकांचं प्रमाण बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही तांब्याच्या तारेत असतं तसंच होतं. निकेलच्या दोन वेगळ्या समस्थानिकांपासून बनलेलं तांबं नेमकं निसर्गाच्या प्रमाणात उतरायला काहीच कारण नाही.

पुढे २०१४ ला स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत ई-कॅटची ३२ दिवसांची चाचणी झाली. तिच्या राखेत निकेल-६२ जवळजवळ ९९ टक्के निघालं. म्हणजे २०११ ला जे इंधन होतं तेच २०१४ ला राख झालं! इंधन भरताना आणि राख काढताना रॉस्सी स्वतः हजर होते, हे चाचणी करणाऱ्यांच्याच अहवालात आहे. यंत्राबाहेर किरणोत्सार तेव्हाही सापडला नाही.

समीर_नागपूर

मेघनाताईंशी पूर्ण सहमत. ज्या इंडस्ट्रियल हीट कंपनीने तंत्रज्ञानासाठी रॉस्सींना एक कोटी डॉलरहून जास्त दिले, तिच्यावरच त्यांनी २०१६ ला फ्लोरिडात ८ कोटी ९० लाखांचा दावा लावला. २०१७ ला तडजोड झाली. न्यायालयात पंधरा दिवस मापकं लावली असती तर बरं झालं असतं.

दीक्षितकाका

रॉस्सींची वकिली मी करत नाही, मेघना. ६२ चा मुद्दा बिनतोड आहे.

पण सिद्धांतच नाही असं कुणी म्हणू नये. २००६ मध्ये विडम आणि लार्सन यांनी 'युरोपियन फिजिकल जर्नल सी' मध्ये मांडणी केली. धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन सामूहिकपणे वागतात, त्यांचं परिणामी वस्तुमान वाढतं, असा इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये मिसळून अतिमंद न्यूट्रॉन बनतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे निकेलच्या २८ प्रोटॉनांच्या प्रतिकर्षणाचा अडथळा उरतच नाही. तो तिथल्या तिथे शोषला जातो म्हणून बाहेर दिसत नाही. गॅमा किरण तेच जड इलेक्ट्रॉन गिळतात आणि ऊर्जा अवरक्त किरणांत, म्हणजे उष्णतेत, जाते.

अभिजित_पु

काका, या मांडणीत एकेका इलेक्ट्रॉनला किमान ०.७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा हवी. काहीशे अंश तापलेल्या धातूत एका कणाच्या वाट्याला इलेक्ट्रॉनव्होल्टचा दहावा भागही येत नाही. ही सुमारे एक कोटीपटीची तफावत 'सामूहिकपणे' या शब्दाने भरून निघत नाही.

तरी ते बाजूला ठेवतो. मला खटकतं ते वेगळंच. न्यूट्रॉन दिसत नाहीत कारण ते मंद आहेत. गॅमा दिसत नाहीत कारण ते गिळले जातात. जो पुरावा मागावा तो नसण्याची सोय सिद्धांतातच करून ठेवली आहे. पण याच सिद्धांतातून एक तपासण्याजोगी गोष्ट निघते. जड इलेक्ट्रॉनांचा थर अर्ध्यापासून दहा मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे गॅमा गिळतो म्हणता ना? मग चालू यंत्राच्या एका बाजूला सीझियम-१३७ चा छोटा स्रोत ठेवा. त्याचे किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात. दुसऱ्या बाजूला मापक. यंत्र चालू केल्यावर ठोके घसरले आणि बंद केल्यावर परत चढले, तर मी माझं मत बदलेन. आतून सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतके गॅमा गिळणाऱ्या थराला बाहेरचा एवढासा स्रोत जड जाऊ नये.

रेवा

यात एक भर घालते. गूगलच्या पैशावर तीसेक शास्त्रज्ञांनी काही वर्षं प्रयोग केले आणि २०१९ ला 'नेचर'मध्ये लिहिलं की शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. त्याच गटातल्या कर्टिस बर्लिंगेट यांच्या चमूने कॅनडात पुढे काम चालू ठेवलं. २०२५ मध्ये त्यांनी दाखवलं की पॅलेडियममध्ये विद्युत-रासायनिक पद्धतीने ड्युटेरियम (जड हायड्रोजन) ठासलं तर आयनांच्या माऱ्याने होणारं संमीलन सरासरी १५ टक्क्यांनी वाढतं. आकडा लहान आहे. मिळणारी ऊर्जा घातलेल्या ऊर्जेच्या तुलनेत नगण्य. पण पुरावा म्हणून त्यांनी न्यूट्रॉन मोजून दाखवले, उष्णता नव्हे. धातूच्या जाळीचा परिणाम असतो हे काकांचं म्हणणं त्यामुळे अगदीच निराधार ठरत नाही, आणि कण मोजा हा अभिजितचा आग्रहही बरोबर ठरतो.

मेघना_आर

आता ट्रॉम्बे. ड्युटेरियमच्या दोन केंद्रकांचं संमीलन झालं तर साधारण निम्म्या वेळा ट्रिटियम आणि निम्म्या वेळा न्यूट्रॉन मिळतो. अहवालात मात्र न्यूट्रॉन ट्रिटियमच्या कोटीतल्या एका भागाच्या आसपास. समजा न्यूट्रॉनची वाट काही कारणाने बंद होती. तरी ट्रिटियमचं केंद्रक एक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने सुटतं आणि वाटेतल्या ड्युटेरियमवर आदळतं. दर लाखात एखाद्या टकरीत तरी १४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन बाहेर पडायला हवा. तेवढेही न्यूट्रॉन नाहीत. शिवाय जड पाण्यात मुळात थोडं ट्रिटियम असतं आणि विद्युत-विश्लेषणाने ते मागे साठत जातं.

दीक्षितकाका

साठण्यामुळे किती वाढ होईल याचा हिशोब करता येतो, आणि ट्रॉम्बेच्या लोकांनी तो केलेला आहे. जड पाण्यातलं ट्रिटियम त्यांना नवीन नव्हतं. तुमच्या १४ च्या मुद्द्याचा अर्थ इतकाच होतो की ते ट्रिटियम वेगाने जन्मलं नाही. मग ते जन्मलं कसं, हा प्रश्न उरतोच. प्रमाण जमत नाही म्हणून मोजमाप खोटं ठरवता येणार नाही.

अभिजितची सीझियमची चाचणी मला मान्य आहे. विडम-लार्सन त्यात नापास झाले तर मी त्यांचं नाव घेणार नाही. पण मग तुम्हीही एक मान्य करा. बंद कुपीत, ट्रिटियम आधी मोजलेलं जड पाणी, शेजारी तशीच साध्या पाण्याची कुपी, आणि नमुने तिसऱ्याच प्रयोगशाळेत, कुठला कुठल्या कुपीतला हे न सांगता. त्यात ट्रिटियम वाढलेलं निघालं तर न्यूट्रॉन किती दिसले हे न विचारता ते स्वीकारायचं. आहे तयारी?

अभिजित_पु

आहे. फक्त दोन्ही कुप्यांत पॅलेडियम एकाच पत्र्यातून कापलेलं हवं, आणि त्या पत्र्याचा न वापरलेला तुकडाही तपासायला पाठवायचा. धातूतच आधीपासून ट्रिटियम असण्याची शंका त्या काळी घेतली गेली होती.