अनुभव धागा : उन्हाळा आणि घरचं कुत्रं

बिस्किटची आई, नागपूर

मागच्या वर्षी नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला आणि त्याच दिवशी आमच्या कूलरची मोटर जळाली. बिस्किट आमचा पग, सहा वर्षांचा, अंगाने जरा जास्तच भरलेला (सासूबाई पोळीचा शेवटचा तुकडा त्याच्यासाठीच ठेवतात). एरवी पहाटे पाचला फिरून येतो. त्या दिवशी मेकॅनिकला फोन करण्यात सकाळ गेली आणि अकरा वाजता हे म्हणाले, "पाच मिनिटांत शू करवून आणतो." पार्किंगच्या काँक्रीटवरून कंपाउंडपर्यंत जायचं नि यायचं, एवढंच.

वर आला तो धापा टाकतच. दहा मिनिटांत थांबेल असं वाटलं. थांबेना. जीभ पळीसारखी रुंद होऊन बाहेर, लाळ चिकट, तार धरणारी. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या विटकरी लाल. मग उठायला गेला आणि मागचे पाय गळाले.

डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "आधी पाणी ओता, मग गाडी काढा." बाथरूमचा नळ सोडला, हात भाजला! मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी भर दुपारी कसं असतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. शेवटी दोन्ही माठ त्याच्यावर रिकामे केले, पोटावर आणि मांड्यांच्या आतून, आणि सासूबाई पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या. दवाखान्यात पोचलो तेव्हाही ताप १०५ होता. कुत्र्याचं एरवीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. सलाइन लागलं, दोन दिवस किडनी-लिव्हरसाठी रक्त तपासलं. वाचला.

तेव्हापासून बाथरूममध्ये सकाळीच एक बादली भरून ठेवते. तुमच्याकडे काय काय झालं, काय उपयोगी पडलं, लिहा. चुका आधी लिहा.

गबरूचा बाबा, ठाणे

चुका म्हणालात म्हणून. आमचा गबरू स्पिट्झ. बघवेना म्हणून दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याचे केस मशीनने पार उतरवले. आठवड्याभरात पाठ उन्हाने लाल झाली. केस परत आले ते ठिगळं लावल्यासारखे, अजून पाठीवर एक पट्टा नीट भरलेला नाही. अशा कुत्र्यांचे केस दोन थरांचे असतात आणि ते ऊनही अडवतात, हे नंतर कळलं. आता रोज रात्री विंचरतो. आतली मेलेली लोकर निघते, उशी भरेल इतकी.

दुसरं म्हणजे, ठाण्यात ३४ डिग्री बघून 'आपल्याकडे कुठे नागपूर' असं म्हणू नका. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळी भिस्त धापेवर, म्हणजे जिभेवरची ओल वाळण्यावर. आपल्या दमट हवेत टॉवेल वाळत नाही, तिथे जीभ काय वाळणार? गबरू ३४ मध्येही फरशीवर चारी पाय पसरून पडतो.

मोत्याचे आजोबा, सांगोला

आमचा मोत्या कारवान हाउंड, आम्ही पश्मी म्हणतो. वस्तीवर असतो. एसी-बिसी काही नाही. रांजणाखाली पाणी झिरपून चिखल होतो तिथे त्यानं स्वतःच खळगा केलाय. अकरा वाजले की त्यात पोट टेकवून बसतो, ते चार वाजेपर्यंत. त्याला कुणी शिकवलं नाही. गेल्या वर्षी आमच्या सुनेने अंगण स्वच्छ दिसावं म्हणून तिथे फरशी घातली. दोन दिवस बेणं तोंड पाडून फिरलं. मी फरशी काढायला लावली.

मात्र ही जात काटक म्हणून तिला काही होत नाही, हे खोटं. ससा दिसला की भान राहत नाही. भर दुपारी पळून एकदा बांधावर आडवा झाला होता. आता दहानंतर सावलीत बांधतो. साखळी लांब ठेवा आणि दुपारी सावली कुठे सरकते ते स्वतः उभं राहून बघा. सकाळी सावलीत बांधलेलं जनावर दुपारी उन्हात असतं.

खाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात बाजरी बंद, ज्वारीची भाकरी ताकात. नातू म्हणतो उष्ण-थंड असलं काही नसतं. असेल नसेल, मोत्या आवडीनं खातो. ताकात मीठ मात्र घालत नाही.

लड्डूची मम्मा, दुबई

इथे जुलैत पहाटे चारला फिरतो आणि तरी बूट घालतो. पहिल्या दिवशी लड्डू लग्नातल्या घोड्यासारखा पाय उचलून चालत होता, आख्खी लॉबी हसत होती. बूट नसतील तर हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही नेऊ नका.

चिंगीची ताई, पुणे

गोचीड! कुणीच कसं लिहिलं नाही? चिंगी रस्त्यावरून उचललेली. मागच्या उन्हाळ्यात कानात, बोटांच्या बेचक्यात, सगळीकडे. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी रॉकेल लावलं. कातडी सोलवटली, वर तिने चाटलं आणि रात्रभर उलट्या. रॉकेल नको, डांबराच्या गोळ्याही नकोत. पुढच्या महिन्यात जेवण सोडलं, नाकातून रक्त आलं. गोचीडताप. प्लेटलेट्स खूप खाली आल्या होत्या, २८ दिवस गोळ्या दिल्या. आता डॉक्टरांनी दिलेलं औषध तारखेवर लावते आणि बाल्कनीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्यात, कारण गोचीड अंगावर थोडे आणि भिंतीत जास्त असतात.

बंड्याची माई, रत्नागिरी

आंब्याचा बाठा कुत्र्याच्या तोंडी देऊ नका. बंड्याने अख्खा गिळला, आतड्यात अडकला, पोट फाडून काढावा लागला. रस काढला की बाठे झाकणाच्या बादलीत.

काळूवाला, अकोला

माझं घरचं नाही, गल्लीतलं. सिमेंटची कुंडी ठेवा, प्लास्टिकची चावतात आणि स्टीलची तापते. पाणी रोज बदला नाहीतर डासांवरून सोसायटीत भांडण. माझं झालंय.

गबरूचा बाबा, ठाणे

बिस्किटच्या आई, बर्फ का नाही वापरला? आणि ओला टॉवेल?

बिस्किटची आई, नागपूर

बर्फ होताच कुठे, सगळा पन्ह्यात गेला होता. डॉक्टर म्हणाले जे गार पाणी हाताशी असेल ते ओता, बर्फ शोधत वेळ घालवू नका. टॉवेल गुंडाळून ठेवायचा नाही, तो गरम होतो आणि वाफ आत कोंडते. ओतत राहायचं, वारा घालायचा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आजोबा, तुमच्या रांजणाचं वाचून आमच्या माठाखाली वाकून बघितलं. तिवईखाली बिस्किट, डोक्यावर एकेक थेंब पडतोय आणि हा घोरतोय. सासूबाई म्हणतात माठ पाझरतो, बदलायला हवा. मी अजून काही बोललेले नाही.