आलेख बघायचा की डंप वाचायचा? सी-टू आणि आयजीव्ही बसवण्याचा खटाटोप

बाइटकोड
आयजीव्ही, म्हणजे आयडियल ग्राफ व्हिज्युअलायझर, बसवण्यात दोन दिवस गेले. जावाच्या हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनमधला सी-टू कंपायलर कोडचा जो आलेख (क्रियांचे नोड आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) करतो तो हे साधन टप्प्याटप्प्याने दाखवतं. साधन ओपनजेडीकेच्या (जावाच्या मुक्त आवृत्तीच्या) सोर्समध्येच आहे, मेव्हन या बिल्ड-साधनाने बांधलं की झालं. खरी मेख पुढे आहे. आलेख बाहेर काढणारे फ्लॅग नेहमीच्या जेडीकेत (जावाच्या तयार संचात) चालत नाहीत, फास्टडीबग, म्हणजे डीबगिंगच्या सोयी असलेली, बिल्ड सोर्सवरून स्वतः करावी लागते. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपने त्यात दोनदा मान टाकली.
तरी माझं मत: बसवाच. लूपमधली अ‍ॅरेची सीमा-तपासणी लूपच्या आधी जाऊन बसते, हे आजवर नुसतं वाचलं होतं. दोन टप्प्यांचे आलेख निवडून फरक पाहिला आणि ती तिथे बसलेली दिसली.

रिकामटेकडा
साफ असहमत. दहा ओळींच्या मेथडचा आलेख उघडला की जाळं विणलेलं दिसतं, डोळे भिरभिरतात. मी एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-संचावर काम करणारा. तिथे प्रत्येक पासनंतर (सुधारणेच्या फेरीनंतर) आयआर, म्हणजे कंपायलरच्या आतलं कोडचं मधलं रूप, मजकूर म्हणून छापायला एक फ्लॅग, पुढे ग्रेपने शोधायचं आणि डिफने फरक काढायचा. त्यासाठी दोन दिवस कशाला घालवायचे?

बाइटकोड
दोन दिवस आयजीव्हीने नाही, बिल्डने खाल्ले. सी-टूचा मजकुरी डंप हवा असेल तरी फास्टडीबगच लागते. त्यामुळे तो खर्च चित्राच्या नावावर मांडू नका.
आणि एलएलव्हीएमचा आयआर मुळात वाचण्यासारखा असतो: ब्लॉक, त्यात ओळी, ओळींना क्रम. सी-टूमध्ये क्लिफ क्लिक यांची ‘सी ऑफ नोड्स’ ही आलेख-रचना आहे (पालेक्झनींसोबतचा त्यांचा निबंध १९९५चा). बेरजेचा नोड कुठल्याच ब्लॉकला बांधलेला नसतो, त्याची जागा शेवटी ठरते. डंपमध्ये एवढंच मिळतं की नोड ४७ला नोड ३१ आणि २२ लागतात. लग्नातल्या आहेराच्या यादीवरून कोण कुणाचा मेहुणा ते ओळखण्यातला प्रकार!

खवट
म्हणजे चित्राशिवाय कळत नाही, हा रचनेचाच दोष झाला की. व्ही-एट या जावास्क्रिप्ट इंजिनाच्या टर्बोफॅन कंपायलरचाही असाच आलेख आहे, आणि तो दाखवायला टर्बोलायझर आहेच. तरी मार्च २०२५मध्ये त्या टीमने ‘सी ऑफ नोड्स’ सोडत असल्याचं लिहिलं आणि आलेख डोळ्यांनी पाहून समजायला अवघड जातो हेही एक कारण दिलं. त्यांच्या नव्या टर्बोशाफ्टमध्ये पुन्हा आपले जुने ब्लॉक आले.

बाइटकोड
अर्धंच सांगितलंत. जावास्क्रिप्टमध्ये जवळपास कुठल्याही क्रियेला साइड इफेक्ट (बाहेरची स्थिती बदलणं) असू शकतो, त्यामुळे बहुतेक नोड ठरलेल्या क्रमाच्या साखळीलाच बांधले जातात, मोकळे तरंगणारे थोडेच. जावाच्या आकडेमोडीचं तसं नाही.

नवखी_०७
वाद चालू द्या, पण मला एक सांगा. मी सुरू केलं तर आयजीव्हीत शेकडो मेथड येऊन पडल्या, त्यात माझी सापडेना.

बाइटकोड
कंपाइल-ओन्ली हा फ्लॅग देऊन एकच मेथड घ्या आणि एक्स-बॅच हा फ्लॅग लावा, म्हणजे कंपायलेशन पार्श्वभूमीवर चालत नाही. आलेख आयजीव्हीकडे ज्यावरून जातात ते पोर्ट ४४४४ जुळत नसेल तर फाइलचं नाव द्या आणि ती एक्सएमएल फाइल आयजीव्हीत उघडा. सुरुवातीला पार्सिंगनंतरचा (कोड वाचून झाल्यावरचा) आणि मॅचिंगआधीचा (मशीनच्या सूचना निवडण्याआधीचा), एवढे दोनच टप्पे बघा.

खवट
अवांतर: एलएलव्हीएमची चित्रंही काही सुखासुखी मिळत नाहीत. ब्लॉकांचं चित्र फाइलमध्ये काढणारा डॉट-सीएफजी पास चालवला तर फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यामुळे फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या एलएसला ती दिसतच नाही. फाइल बनलीच नाही समजून मी एकदा संध्याकाळभर फ्लॅग बदलत बसलो होतो.

रिकामटेकडा
बिल्डचा मुद्दा मान्य. ग्रेपचा नाही. @बाइटकोड, ती लूपची मेथड इथे टाका. फास्टडीबग मीही बांधतो. तपासणी कुठल्या टप्प्यात हलली ते तुम्ही आलेखावरून शोधा, मी डंपवरून शोधतो. घड्याळ नवखीताईंकडे.