रेडिएशननंतर बाबांच्या जबड्याचं हाड उघडं पडलंय, ऑक्सिजन चेंबर कुणी केलंय का?

कोयनाकाठ:
नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा ६६ वर्षांचे, आम्ही कराडचे. चार वर्षांपूर्वी डाव्या गालाचा कॅन्सर झाला, तंबाखूचाच, टाटाला ऑपरेशन आणि मग ३० रेडिएशन. तेव्हापासून फॉलोअपचे सगळे रिपोर्ट चांगले. गेल्या वर्षी खालची दाढ ठणकायला लागली म्हणून गावातच दाढ काढून घेतली, तिथे कुणी रेडिएशनचं विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. दात काढायचा तर आधी विचारा असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं हो, तो कागद फाईलमध्येच राहिला, हे माझ्या मनातून जात नाहीये. सात महिने झाले, ती जागा भरतच नाही, टॉर्च मारला की पिवळट हाड दिसतं. परवा मऊ भात खाताना तांदळाच्या दाण्याएवढी हाडाची कपची जिभेवर आली, बाबांनी ती काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि काही न बोलता पानावरून उठले.

डॉक्टर याला ओआरएन म्हणतात, म्हणजे रेडिएशनमुळे हाड मरणं. एकांनी सांगितलं आधी ३० सिटिंग हायपरबॅरिक ऑक्सिजनची (बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली ऑक्सिजन घ्यायचा), मग ऑपरेशन, मग परत १०. दुसरे म्हणतात त्याचा काही उपयोग नाही. महिना-दीड महिना घर सोडून शहरात राहायचं तर नक्की कशासाठी ते तरी कळू दे. कुणाचा अनुभव असेल तर प्लीज लिहा.

अबोली:
ताई, माझ्या आईचं केलं होतं, पण जबड्यासाठी नाही, लघवीच्या पिशवीसाठी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, रेडिएशन झालं, सहा वर्षं एकदम छान गेली आणि मग अचानक लघवीतून रक्त. रक्ताच्या गाठी अडकायच्या, कॅथेटर घालून पिशवी धुवायची, दोनदा रक्त चढवलं, घरी आलो की आठ दिवसांत परत तेच. बाथरूममधून बाहेर येताना ती माझ्याकडे बघायची नाही, त्यावरूनच मला कळायचं. ३० सिटिंग झाल्या, रविवार सोडून रोज, एकेक दीड तासाची. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, मी तर सोडूनच देणार होते. अठराव्या-एकोणिसाव्यानंतर रंग फिका व्हायला लागला आणि शेवटी थांबलं. दोन वर्षं झाली, अजून एकदाही अॅडमिट करावं लागलं नाही. एक मात्र झालं, मधेच तिला लांबचं धूसर दिसायला लागलं, आम्ही घाबरलो, पण दोन-तीन महिन्यांत आपोआप पूर्ववत झालं, तेव्हा लगेच नवा चष्मा करायची घाई करू नका.

दाबकक्ष:
मी एका चेंबरवर टेक्निशियन आहे, तेव्हा फायदा किती ते डॉक्टरांवर सोडतो, आत काय होतं ते सांगतो. दाब हळूहळू वाढवत नेहमीच्या हवेच्या साधारण २.४ पट करतो आणि पेशंट मास्कमधून किंवा डोक्यावर घातलेल्या हुडमधून शुद्ध ऑक्सिजन घेतो. काहींकडे एका माणसाची काचेसारखी नळी असते, त्यात नुसतं पडून राहायचं. दुखत नाही, पण सुरुवातीला विमान उतरताना बसतात तसे कान बसतात. गिळलं किंवा जांभई दिली की ते मोकळे होतात. तुमच्या बाबांचं इथेच अडेल, कारण रेडिएशननंतर तोंड कोरडं असतं, गिळायला लाळ नसते, आणि तोंडही दोन बोटांच्या वर उघडत नसेल तर जांभई कुठून येणार. म्हणून आत जायच्या आधी घोट घोट पाणी, आणि नाक दाबून हळू फुंकायचं हे घरी चार दिवस शिकवून ठेवा. कान दुखला की लगेच हात वर करायचा, सहन करत बसायचं नाही.

शुगर असेल तर रोज आत जायच्या आधी तपासा, आत ती खाली येते. छातीचा एक्सरे हवाच, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर आत घेताच येत नाही. आणि सुती कपडेच घालायचे, तेल, बाम, अत्तर, मोबाईल, लायटर काहीही नाही. मी अंगावर हात फिरवून तपासतो तेव्हा लोक रागावतात. १९९७ मध्ये इटलीत मिलानला चेंबरमध्ये आग लागून ११ माणसं गेली, कुणाकडे तरी हात शेकायचं छोटं यंत्र राहून गेलं होतं. तपासायला कंटाळा करणाऱ्या ठिकाणी जाऊच नका. आणि ब्यूटी-वेलनेसवाल्यांच्या हवेनं फुगणाऱ्या तंबूसारख्या पिशव्या असतात ना, त्यात दाब जेमतेम १.३ पट, त्यांना यातलं काही समजू नका.

दंतमूळ:
कोयनाकाठताई, मी तोंड-जबड्याच्या सर्जरीत आहे. तुम्हाला दोन उत्तरं मिळाली कारण खरंच दोन मतं आहेत. रेडिएशननं बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होऊन बुजत जातात, हे वर्षानुवर्षं चालतं, आणि खालच्या जबड्याला रक्त मुळातच वरच्यापेक्षा कमी. रक्त कमी, पेशी कमी, ऑक्सिजन कमी अशी मांडणी रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ ला केली. १९८५ ला त्यांनी ७४ जणांचे रेडिएशन झालेल्या भागातले दात काढले, पेनिसिलिनवाल्या ३७ पैकी ११ जणांचं हाड सडलं, ऑक्सिजनवाल्या ३७ पैकी फक्त २ जणांचं. दात काढण्याआधी २० आणि नंतर १० हा शिरस्ता त्यातूनच पडला. पुढे मात्र तसं टिकलं नाही. २००४ ला फ्रान्समध्ये हाड आधीच उघडं पडलेल्या ६८ जणांवर अभ्यास झाला, त्यात ऑक्सिजनचा फायदा दिसला नाही. ब्रिटनमधल्या होपॉन अभ्यासातही, २०१९, १४४ जण, दात काढताना ऑक्सिजन दिला काय नि नाही काय, फरक पडला नाही. अबोलीताईंच्या आईंची गोष्ट वेगळी, लघवीच्या पिशवीसाठी नॉर्डिक देशांतल्या त्याच वर्षीच्या अभ्यासात चांगला फायदा दिसलाय. म्हणजे एकाच उपचाराचं पिशवीला एक, जबड्याला दुसरं.

मी तुमच्या जागी असतो तर सिटिंग बुक करायच्या आधी दोन गोष्टी करून घेतल्या असत्या. पहिली, कॅन्सर परत आलेला नाही ना, त्यासाठी स्कॅन आणि गरज पडली तर बायोप्सी. हे आधी, बाकी सगळं मागून. दुसरी, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) आणि सीटी करून हाड किती खोलवर खराब झालंय ते बघणं. वरवरचं असेल तर सफाई, अँटिबायोटिक, आणि पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारं औषध) व व्हिटॅमिन ई यांवरही बऱ्याच जणांना आराम पडतो, डॉक्टरांना विचारा. पण हाड आरपार गेलं असेल, तडकलं असेल किंवा गालातून पू येत असेल तर मेलेलं हाड ऑक्सिजननं जिवंत होणार नाही, ते काढून पायातलं बारीक हाड बसवावं लागतं, आणि मग ३० सिटिंगमध्ये दीड महिना घालवण्यात अर्थ नाही. आणि दाढेचं मनाला लावून घेऊ नका, दाढ न काढता नुसती सडत ठेवली असती तरी हाडाला धोका होताच.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. सोमवारी सीटी ठरवलाय, टाटाला दाखवूनच पुढचं बघू. ती कपची मी कागदात गुंडाळून ठेवलीय, न्यायची का बरोबर?

दंतमूळ:
न्या, दाखवा. पण तेवढ्यावर भागणार नाही, तपासायला जखमेच्या कडेचा ताजा तुकडा डॉक्टर स्वतः घेतील. आणि आजपासून दर रविवारी, त्याच टॉर्चच्या उजेडात, त्याच बाजूनं एक फोटो काढून ठेवा, उघडा भाग वाढतोय की झाकला जातोय हे त्यातून पटकन कळतं. राहायचं म्हणाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे पेशंट राहतात, केसपेपर घेऊन चौकशी करा.