मदत हवी आहे: लिस्टेड घराचं शिसं चोरीला गेलं, दुरुस्तीला परवानगी लागते का?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये सफोक काउंटीत, लॅव्हनमजवळच्या खेड्यात आम्ही गेल्या वर्षी घर घेतलं. लाकडी सांगाड्याचं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असलेलं. मागच्या आठवड्यात रात्री कुणीतरी धुराड्याच्या बुडाशी असलेली शिशाची पट्टी ओरबाडून नेली. सकाळी अंगणात चार कौलं फुटलेली आणि जिन्यात टपटप पाणी.

१०१ वर (इथला पोलिसांचा बिनतातडीचा नंबर) कळवलं, क्राइम नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला. तो भाग पटकन झाला. घोळ पुढेच आहे. आधी काउंटी कौन्सिलला फोन लावला, तर रस्ते, शाळा, वाचनालयं आमच्याकडे, परवानगीचं डिस्ट्रिक्ट कौन्सिलला विचारा म्हणाले. (जिल्हा परिषद की पंचायत समिती, हा खेळ इथेही चुकला नाही!) तिथल्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरचं (जुन्या वास्तूंचं काम पाहणारा अधिकारी) उत्तर अजून नाही. लिस्टेड घराचं रूप विनापरवानगी बदललं तर १९९० च्या कायद्याने थेट फौजदारी गुन्हा, त्यामुळे हात लावायची भीती वाटते.

होतं तसंच शिसं बसवलं तर ती साधी दुरुस्ती, अर्ज नको, असं शेजारचे आजोबा सांगतात. पण तेही पुन्हा चोरीला गेलं तर? शिशासारखा दिसणारा स्टीलचा पत्रा कुणाला मंजूर झालाय का? अर्जाला फी नाही, पण निर्णयाची मुदत ८ आठवडे. तोवर नुसत्या ताडपत्रीवर कसं भागवायचं? विमा कंपनीला कोणते कागद द्यावे लागले, तेही सांगा.