कचरा डेपोवरच्या स्थलांतरित कुटुंबांचे फोटो: तयारी काय करावी?

प्रश्न: डेपोवर कचरा वेचणाऱ्या आणि तिथेच झोपड्यांत राहणाऱ्या कुटुंबांवर फोटोमालिका करायची आहे. लेन्स कुठली? धुळीचं काय करायचं? परवानगी कशी मागायची?

उत्तर: एकच ३५ मिमी लेन्स लावून जा. तिथे लेन्स बदललीत की धूळ थेट सेन्सरवर. काच लगेच पुसू नका, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी पंपाने) धूळ उडवा, नाहीतर कण घासून कोटिंगवर चरे पडतात. पांढऱ्या गोण्यांनी फ्रेम भरली की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चेहरे काळवंडतात, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ द्या. धुरात सूर्य समोर असेल तर फोटो पांढुरका होतो, लेन्सवर हूड (बाजूचा उजेड अडवणारी कड) हवंच.

उत्तर: जाड तळव्याचे बूट, धनुर्वाताची लस. गाडी रिकामी होताना मागे थांबू नका. चालकाला मागचं नीट दिसत नाही, शिवाय वेचणाऱ्यांच्या कमाईची तीच वेळ.

उत्तर: परवानगी मुकादमासमोर मागू नका, त्याच्यादेखत कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यांच्याच भाषेत विचारा, फोटो कुठे छापणार तेही सांगा. कॅमेऱ्याचं जीपीएस बंद ठेवा; नेमकी जागा उघड झाली तर वस्तीच उठवली जाऊ शकते. आणि पुढच्या खेपेला प्रत्येक घराला प्रिंट द्याच, लॅमिनेट केलेली. ओल्या झोपडीत साधा कागद टिकत नाही.