मदत हवी आहे: आजी आणि नातवंडांनी एकत्र बघावं असं मराठीत काय आहे?

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत माझी आई राहायला येतेय. वय पंचाहत्तर. घरात सात आणि बारा वर्षांची मुलं. रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून काहीतरी बघावं, अशी फार इच्छा आहे. मी काही चित्रपटांची जाणकार नाही, आपली साधी प्रेक्षक.

'एलिझाबेथ एकादशी' (2014) सगळ्यांना मनापासून आवडला. सायकल वाचवण्यासाठी पंढरपूरच्या यात्रेत दुकान मांडणारी पोरं, गरिबी आहे पण रडारड नाही. मुलं हसली, आईला पंढरपूर बघायला मिळालं. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ही तसाच, फाळक्यांचं अख्खं घर सिनेमाच्या वेडात सामील होतं ते बघताना धाकटी जागची हलली नाही. 'श्वास' थोर आहेच, पण त्यातल्या मुलाची दृष्टी जाते. सात वर्षांच्या मुलीला तो आत्ता दाखवायला मन धजत नाही.

मालिकांचं तर अवघडच आहे. रोजची कटकारस्थानं मुलांसमोर नकोत. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'सारखं हवंय: दिलीप प्रभावळकरांचे आबा, तीन पिढ्या एका घरात, भांडणं होतात पण कुणी कुणाचा घात करत नाही. आणि गोष्ट त्याच भागात संपते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तर अशी आणखी नावं सुचवाल का? जुनी दूरदर्शनवरचीही चालतील. कुठे बघायला मिळतील आणि मुलांचं वय किती असावं, तेही कृपया लिहा.