मदत हवी आहे: ट्रायजेमिनल श्वानोमा, कावासे की रेट्रोसिग?

रात्रपाळी
उद्या सकाळी केस मांडायची आहे, म्हणून घाईत लिहितोय. ट्रायजेमिनल श्वानोमा (चेहऱ्याला स्पर्श देणाऱ्या पाचव्या नर्व्हच्या आवरणाची गाठ), जेफरसनच्या वर्गीकरणात सी. कावासे (कानाच्या वरून शिरून हाड घासत मागे जाणं) करावं की रेट्रोसिग (कानाच्या मागून शिरणं)? पुस्तकं दोन्ही मार्ग देतात आणि हात झटकतात. 'केसवर अवलंबून' हे उत्तर नको, ते मलाही येतं.

कवटीतळ
केस सांगितलीच नाहीत तर दुसरं काय उत्तर देणार? 'सी' म्हणजे डंबेल, कवटीतळाच्या दोन खड्ड्यांत पसरलेली गाठ, एवढंच कळलं. मिडल फोसात (मधल्या खड्ड्यात) किती, पोस्टिरिअर फोसात (मागच्या, ब्रेनस्टेमच्या खड्ड्यात) किती? जेफरसनने 1955 मध्ये ए (गँग्लिऑन), बी (मूळ) आणि सी असे गट केले, तेव्हा एमआरआय नव्हता. कवटीबाहेरचा डी नंतर जोडला गेला. योशिदा-कावासेंची 1999 ची विभागणी प्लॅनिंगला जास्त कामाची: एम (मिडल फोसा), पी (पोस्टिरिअर फोसा), ई (कवटीबाहेर) आणि त्यांच्या जोड्या, म्हणजे एमपी, एमई, एमपीई. कुठला कप्पा उघडायचा ते नावातच येतं.

वय, बाजू, श्रवण, सीटीची बोन विंडो (हाडं दाखवणारी) आणि दुसऱ्या बाजूचं आयएसी (ऐकण्याची नर्व्ह जाते तो हाडातला बोगदा), एवढं लिहा.

रात्रपाळी
स्त्री, 34. डावी बाजू. मिडल फोसात 3.2 सेमी, मागे 1.4. गाल आठ महिन्यांपासून बधिर, तीन आठवड्यांपासून दोन-दोन दिसतंय. बाकी नॉर्मल. मग कावासेच ना?

टी-टू
'बाकी नॉर्मल' ही माहिती नव्हे. आधी श्वानोमाच आहे ना ते पक्कं करा. एमआरआयच्या टी-टू चित्रांवर पांढरा, आत सिस्ट, पेट्रस एपेक्स (कानाच्या हाडाचं आतलं टोक) गुळगुळीत झिजलेलं, फोरामेन ओव्हाले (नर्व्ह बाहेर पडते ते भोक) रुंद, त्या बाजूच्या मॅसेटर-टेरिगॉइड या चावण्याच्या स्नायूंमध्ये चरबी, हे जमत असेल तर ठीक. ड्युरल टेल (गाठीपासून आवरणावर गेलेली शेपटी) आणि हाड जाड झालेलं असेल तर मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ). डिफ्यूजन एमआरआयवर चमकला तर एपिडरमॉइड (त्वचेच्या पेशींची सिस्ट). कॉन्ट्रास्ट न देताच टी-वनवर पांढरा असेल तर कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा, आणि त्यासाठी कवटी उघडायला जाल तर फजिती होईल.

मधुमालती
चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर कार्बामाझेपिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू करून हळूहळू वाढवावी, सोडियमवर लक्ष ठेवावं. बरेचदा ऑपरेशन टळतं.

कवटीतळ
ताई, ते न्यूरॅल्जियाला (नर्व्हच्या कळांना). हिला दुखत नाहीये, बधिर आहे. गोळीने गाठ जात नाही.

पेट्रस
डंबेल म्हटलं की कावासे. रुग्णाला झोपवून डोकं उजवीकडे वळवा, लंबर ड्रेन (कमरेतून मेंदूचं पाणी काढणारी नळी), टेम्पोरल क्रॅनिओटमी (कानाच्या वर कवटी उघडणं) मिडल फोसाच्या तळापर्यंत. फोरामेन स्पायनोसममध्ये मिडल मेनिंजियल धमनी जाळून कापा. ड्युरा (मेंदूचं जाड आवरण) मागून पुढे सोलायचा. पुढून मागे ओढलात तर जीएसपीएनवर (फेशिअल नर्व्हची बारीक फांदी) ताण येतो, तो फेशिअलच्या जेनिक्युलेट गँग्लिऑनपर्यंत पोचतो आणि फेशिअल (चेहरा हलवणारी सातवी) जाते. मग जीएसपीएन, व्ही-थ्रीची (पाचवीची तिसरी फांदी) कड, आर्क्युएट एमिनन्स (हाडावरचा उंचवटा) आणि सुपिरिअर पेट्रोसल सायनस (ड्युरातली शीर) यांच्यामधलं हाड डायमंड बरने घासा. जीएसपीएन आणि आर्क्युएट यांच्यातला कोन दुभागला की आयएसी सापडतं. सायनस बांधा, टेंटोरिअम (दोन खड्ड्यांमधला ड्युराचा पडदा) कापा, पण चौथी नर्व्ह जिथे शिरते त्याच्या मागे. पोस्टिरिअर फोसा समोर.

कवटीतळ
स्टेप्स बरोबर. प्रश्न असा की हिला हे लागतं का? मागचा भाग जेमतेम 1.4 सेमी. आणि तो मागे गेला कुठून? मेकेल्स केव्हच्या (पाचवीच्या गँग्लिऑनचा कप्पा) तोंडातूनच, म्हणजे ते तोंड गाठीनेच रुंद करून ठेवलंय. झिजलेल्या पेट्रस एपेक्सवर आणखी ड्रिल कशासाठी? परळच्या केईएममधून गोएल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 73 केसेस छापल्या, त्यांचा भर याच मुद्द्यावर आहे: गाठ ड्युराच्या दोन पदरांत राहते, शेजारच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये (शिरांचा कप्पा) घुसत नाही, त्याची बाहेरची भिंत उचलते. पदरांमधूनच जा. व्ही-टू, व्ही-थ्रीवरचा ड्युरा प्रोप्रिया (ड्युराचा एक पदर) सोला, भिंतीतून गाठ दिसते. जिथे नर्व्हचे धागे पसरलेले नाहीत तिथे लांबीच्या दिशेने छेद द्या, कूसाने (अल्ट्रासाउंडने गाठ फोडून शोषणारं यंत्र) आतून पोकळ करा, मग मागचा भाग त्याच वाटेने खाली उतरतो. झायगोमा (गालाच्या हाडाची कमान) सोडवलात तर कोन खालून मिळतो, टेम्पोरल लोब कमी ओढावा लागतो.

पेट्रस
उतरतो, नाही उतरला तर? ब्रेनस्टेमला चिकटलेला तुकडा ओढून काढणार?

कवटीतळ
ओढायचा नाहीच. अरॅक्नॉइडचा (ड्युराच्या आतलं पातळ आवरण) पदर राखून सोडवायचा. चिकटला असेल तर तेवढ्यापुरतं ड्रिल करा, कोणी अडवलंय? सुरुवातीलाच कॉक्लिआच्या (ऐकण्याचा अवयव) शेजारी बर फिरवू नका, इतकंच म्हणणं. सहावी नर्व्ह (डोळा बाहेर वळवणारी) आतल्या-खालच्या बाजूला ताणलेली असणार, दोन-दोन दिसतंय ते त्यामुळेच. शेवटचा तुकडा तिथला असतो.

आणि रेट्रोसिग बादच. न्यूरोसर्जन सामींचा, रेट्रोसिगमधूनच पुढे जाणारा सुप्रामिएटल मार्ग उलट्या केसचा आहे, मागे मोठी, पुढे छोटी शेपटी. 3.2 सेमीचा पुढचा भाग त्या फटीतून काढणं म्हणजे खिडकीतून कपाट बाहेर काढणं.

गॅमा
सगळे सुऱ्या परजून बसलेत. गॅमा नाइफ (कवटी न उघडता रेडिएशन), गाठीच्या कडेला 12 ते 14 ग्रे, दुसऱ्या दिवशी घरी. विचार केला का?

टी-टू
या मापाने आकारमान 18 सीसीच्या घरात जातं. रेडिएशननंतर काही महिने गाठ सुजते, आणि सहावी आधीच दबलीय. 3 सेमीच्या आतल्या किंवा उरलेल्या तुकड्यासाठी तुमचं म्हणणं मान्य.

शब्दवेडा
थोडं अवांतर. नर्व्हला मराठीत काय म्हणता? शाळेच्या पुस्तकात चेता, विश्वकोशात तंत्रिका, आणि इथे कोणी 'नर्व्ह', कोणी 'नस'. नस म्हणजे शीर नव्हे का?

कवटीतळ
अवांतर नाही, संमतीपत्राचा प्रश्न आहे. 'चेहऱ्याच्या नसेवर गाठ' म्हटलं की नातेवाईक आधी विचारतात, तोंड वाकडं होणार का? ती सातवी. ही पाचवी: स्पर्श आणि चावणं. बधिरपणा ऑपरेशननंतर वाढू शकतो, जबडा उघडताना डावीकडे सरकू शकतो, हे आधी सांगा. कॉर्निया बधिर झाला तर डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही आणि व्रण होतो. दिवसा थेंब, रात्री मलम, रोज टॉर्चने बघणं. पाचवीसोबत सातवीही गेली तर टार्सोरॅफीला (पापण्या शिवायला) उशीर नको.

पेट्रस
ड्रिल केलंत तर एअर सेल्सना (हाडातल्या हवेच्या पोकळ्या) मेण, वर चरबी आणि पेरिक्रेनिअम (कवटीवरचा पातळ पदर). नाहीतर सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) युस्टेशिअनवाटे (कान-घशाची नळी) नाकातून येतं आणि सगळे नाकात भोक शोधत बसतात.

टी-टू
@रात्रपाळी, वर विचारलेल्या दोन गोष्टी अजून आल्या नाहीत. श्रवण? दुसऱ्या बाजूचं आयएसी?

रात्रपाळी
ऑडिओ (श्रवणचाचणी) केलेली नाही, तिची तक्रार नव्हती. आयएसी आत्ता पातळ सेक्शन्सवर बघितलं. उजव्या आयएसीत 6 मिमीचं एनहान्समेंट (कॉन्ट्रास्टने चमकणारा भाग) आहे. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नाही.

टी-टू
मग धाग्याचं नाव बदला. उजवीकडे व्हेस्टिब्युलर श्वानोमा (तोल सांभाळणाऱ्या नर्व्हवरची गाठ) असेल तर एनएफ-टूचा (जीनमधल्या बिघाडाने अनेक नर्व्हवर गाठी येण्याचा आजार) विचार करावाच लागेल. 2022 च्या निकषांत एका बाजूचा व्हेस्टिब्युलर हा एक मोठा निकष, ट्रायजेमिनल हा एक लहान. आणखी एक लहान हवा, म्हणजे निदान अजून होत नाही. पूर्ण मणक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, डोळ्यांची तपासणी (कमी वयातला मोतीबिंदू, रेटिना), घरातल्यांचा इतिहास, रक्तातली जीन तपासणी. गाठीचा तुकडाही जीन तपासणीसाठी राखून ठेवा.

कवटीतळ
आणि उजवा कान पुढे जाऊ शकतो, म्हणजे डावा कान आता हिचा चांगला कान आहे. कॉक्लिआजवळ ड्रिल शेवटचा उपाय. @पेट्रस?

पेट्रस
मान्य. या केसला. एबीआर मॉनिटरिंग (ऑपरेशनभर श्रवणमार्गावर लक्ष) मात्र लावाच, ड्रिल करा न करा.

रात्रपाळी
एमपी, इंटरड्युरल (ड्युराच्या पदरांमधून), झायगोमासकट, एबीआर आणि फेशिअल मॉनिटरिंग, असा प्लॅन मांडतो. ऑडिओ सकाळी 8 ला लावलीय. मणक्याचा स्लॉट गुरुवारचा मिळाला, तोवर ऑपरेशनची तारीख घेत नाही.

मधुमालती
पण कार्बामाझेपिन देऊन बघायला काय हरकत होती?